क्वालिटीच्या मीटिंगमध्ये सफाईच्या मावशींनाही खुर्ची द्या: हॉस्पिटल मॅनेजमेंटला एका नर्सचं खुलं पत्र

माननीय मेडिकल डायरेक्टर, क्वालिटी हेड, मेट्रन मॅडम आणि इन्फेक्शन कंट्रोल कमिटीतले सगळे मेंबर्स,

स.न.वि.वि.

हे पत्र कुठल्या एका हॉस्पिटलला लिहिलेलं नाही. जिथे जिथे ब्लड कॅन्सरचे पेशंट ॲडमिट होतात तिथल्या सगळ्यांना आहे, त्यामुळे वाचता वाचता 'हे आमच्याबद्दलच आहे' असं कोणाला वाटलं तर वाटू द्या, माझी हरकत नाही. मी हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं झाली. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा, ट्रान्सप्लांट सगळं बघितलंय, आणि कॅन्सरपेक्षा इन्फेक्शनने हात टेकलेले पेशंट जास्त बघितलेत असं कधी कधी वाटतं. आता एका रात्रीबद्दल सांगते, मग माझं मागणं काय ते कळेल.

पेशंट ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचा, इंडक्शन म्हणजे पहिल्या जोरदार किमोचा बारावा दिवस, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ शून्य. रात्री पावणेदोनला त्याला थंडी वाजायला लागली. बायको शेजारी होती, तिला वाटलं एसी जास्त आहे, तिने ब्लँकेट घातलं, बिचारीने बेल वाजवली नाही कारण 'सिस्टरना कशाला उगाच त्रास'. २:०५ ला मी राउंडला गेले तर टेंपरेचर ३८.६. २:१० ला ड्युटी डॉक्टरला फोन. तो दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एका पेशंटच्या कार्डिॲक अरेस्टमध्ये अडकला होता, पावणेतीनला धावतच आला, ऑर्डर लिहिली. ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायच्या बॉटल वॉर्डात संपलेल्या, वॉर्डातले मामा लॅबच्या स्टोअरमधून घेऊन आले तोवर सव्वातीन. अँटिबायोटिक रिस्ट्रिक्टेड लिस्टमधलं, म्हणजे फॉर्म, सीनियरची सही, मग सीनियरना झोपेतून उठवून फोनवर ॲप्रूव्हल, मग फार्मसी, आणि फार्मसीत रात्री एकच माणूस. औषध हातात आलं ४:२० ला, लाइनला लागलं ४:३५ ला.

ताप दिसल्यापासून अडीच तास, आणि थंडी वाजल्यापासून धरले तर जवळजवळ तीन.

सकाळी त्याचं बीपी पडलं, आयसीयूत गेला. नऊ दिवस तिथे होता. परत वॉर्डात आला तेव्हा स्वतःच्या पायावर उभा राहायला दोन माणसं लागत होती. आला हे नशीब. आणि मला काय आलं? मेमो. 'अँटिबायोटिक देण्यात झालेल्या विलंबाबाबत चोवीस तासांत लेखी खुलासा करावा.' मी खुलासा दिला, फाइलला लागला, विषय संपला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या सिस्टरच्या ड्युटीत सेम टू सेम तेच झालं, तिलाही मेमो. कल्चर बॉटल मात्र लॅबच्या स्टोअरमध्येच राहिल्या.

ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, डॉक्टर मंडळींनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. किमोने कॅन्सरच्या पेशी मरतात तशा मॅरोमधल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या चांगल्या पेशीही मरतात. एरवी रक्तात न्यूट्रोफिल मायक्रोलिटरला हजारांत असतात, ते ५०० च्या खाली गेले की शरीराचा पहारा उठला म्हणायचा, आणि १०० च्या खाली तर दरवाजाही नाही. १९६६ मध्ये डॉक्टर जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या पेशंटमध्ये हे मोजून दाखवलं होतं, काउंट जितका खाली आणि जितके दिवस खाली तितकं इन्फेक्शन जास्त. म्हणजे आपल्याला हे साठ वर्षांपासून माहितीये. दुसरी गंमत अशी की पहारेकरीच नाहीत त्यामुळे मारामारीचा आवाजही होत नाही. पू होत नाही, लाइनची जागा लाल होत नाही, न्यूमोनिया असला तरी एक्सरे स्वच्छ दिसू शकतो. ताप हीच एक खूण असते, आणि पेशंट स्टिरॉइडवर असेल तर कधी कधी तीही नसते. म्हणून नियम असा की एकदा ३८.३ किंवा तासभर ३८ च्या वर राहिलं की इमर्जन्सी समजायची आणि तासाच्या आत पहिला अँटिबायोटिक डोस द्यायचा. कल्चर आधी घ्यायचं, पण कल्चरसाठी डोस थांबवायचा नाही.

हे सगळं आमच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेलं होतं. त्या रात्री मी त्याच लॅमिनेटसमोर उभी राहून फार्मसीला तिसरा फोन करत होते.

पुढे आमच्याकडे एक नवीन इन्फेक्शन कंट्रोल नर्स आली. तिने काय केलं, मेमो वगैरे काही काढला नाही, ड्रॉइंगचा मोठा कागद आणला, नर्सिंग स्टेशनच्या मागच्या भिंतीवर चिकटवला आणि अशा एका रात्रीची मिनिटामिनिटाची रेघ ओढली. मग ज्याचा ज्याचा त्या रात्रीशी संबंध होता त्याला बोलावलं, मी, ड्युटी डॉक्टर, फार्मसीचा मुलगा, मामा, लॅबच्या टेक्निशियन. प्रत्येकाने आपापला तुकडा सांगायचा एवढंच. आम्ही सगळे आधी हाताची घडी घालून उभे होतो, आता कोणाचं नाव येतंय बघू, अशा तयारीत. पण त्या कागदावर गुन्हेगार सापडलाच नाही हो. डॉक्टर कुठे होता तर दुसऱ्या पेशंटचा जीव वाचवत होता. फार्मसीच्या मुलाने फॉर्मशिवाय औषध दिलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. मामा लॅबपर्यंत पळत गेले होते, स्टोअरची किल्ली ज्यांच्याकडे होती ते जागेवर नव्हते. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं होतं, आणि वेळ सगळा गेला होता तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात काम जाताना, जिथे कोणाचंच नाव लिहिलेलं नसतं.

माझं सगळं पत्र खरं तर एवढ्यावरच उभं आहे. तुम्ही माणूस शोधता, इन्फेक्शन मात्र दोन माणसांच्या मधल्या फटीतून येतं.

त्या कागदावरून आम्ही एक बॉक्स तयार केला, काही थोर नाही, साधा झाकणाचा प्लास्टिकचा डबा. त्यात कल्चर बॉटलचे दोन सेट, सिरिंज, क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, लेबलं, पहिल्या डोसची अँटिबायोटिक व्हायल आणि एक छापील ऑर्डर. हिमॅटॉलॉजीच्या सरांनी आधीच सही करून ठेवलेली, की न्यूट्रोपेनिक, म्हणजे न्यूट्रोफिल कमी झालेल्या पेशंटला ताप आला, ॲलर्जी नाही, तर नर्सने लाइनमधून आणि हातातून कल्चर घ्यावं, पहिला डोस द्यावा आणि मग डॉक्टरला बोलवावं. रिस्ट्रिक्टेडचा फॉर्म पहिल्या डोसला लागणार नाही, दुसऱ्या डोसच्या आधी भरायचा. यासाठी फार्मसीच्या मॅडमना पटवायला तीन आठवडे लागले आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, भारी अँटिबायोटिक कपाटात मोकळं ठेवलं की ते ज्याला त्याला लागायला लागतं आणि मग उद्या तेच चालेनासं होतं. मग तोडगा त्यांनीच काढला, की बॉक्सला नंबरचं सील लावायचं, आणि फुटलेलं सील सकाळी फार्मसीला दिल्याशिवाय नवीन व्हायल मिळणार नाही. बघा, ही आयडिया आम्हा नर्सेसना सुचली नसती आणि डॉक्टरांना तर नाहीच.

आधी फक्त एका पेशंटवर, एका शिफ्टमध्ये करून बघितलं. काय चुकलं ते लिहिलं, बदललं, मग पूर्ण वॉर्ड. क्वालिटीवाल्यांच्या भाषेत याला पीडीएसए म्हणतात, ठरवा, करा, तपासा, सुधारा. नाव काहीही द्या, मुद्दा एवढाच की छोटं करून बघायचं. आमच्याकडे उलटं असतं, आधी चाळीस पानांची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची नियमावली येते, तिच्यावर सगळ्यांच्या सह्या घेतात, आणि ती कपाटात जाते.

आता लाइनबद्दल, कारण माझा अर्धा जन्म त्यातच गेलाय. आमच्या बहुतेक पेशंटना सेंट्रल लाइन असते, पिक म्हणा, हिकमन म्हणा, पोर्ट म्हणा, टोक जाऊन थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. बाहेरच्या टोकाला जे हब असतं त्यावर काय बसलंय ते सरळ रक्तात. म्हणून नियम असा की दर वेळी लाइन उघडायच्या आधी हब १५ सेकंद अल्कोहोलने घासायचं आणि वाळू द्यायचं. ऐकायला काहीच नाही ना? आता माझ्याबरोबर हिशोब करा. अँटिबायोटिक, अँटिफंगल, पोटॅशियम, प्लेटलेट, सॅम्पल, फ्लश असं धरून आजारी पेशंटची लाइन दिवसात वीस वेळा सहज उघडते. घासायला आणि वाळायला मिळून अर्धा मिनिट. असे चार पेशंट असले तर दिवसभरात सगळ्या शिफ्ट मिळून ८० वेळा, म्हणजे ४० मिनिटं नुसती हब घासण्यात. ही ४० मिनिटं तुमच्या स्टाफिंगच्या एक्सेल शीटमध्ये कुठे आहेत? नाहीयेत. मग ऑडिटवाली मुलगी क्लिपबोर्ड घेऊन येते तेव्हा सगळ्या सिस्टर १५ सेकंद मोजतात, ती गेली की पाच. मीपण. लिहायला लाज वाटतेय पण लिहिते, कारण हे कोणी लिहित नाही.

आणि यावर उपाय 'अजून एक ट्रेनिंग' हा नाहीये. हॅंड हायजीनची आणि हबची इतकी ट्रेनिंग झालीयेत की मी झोपेत घेऊ शकते. आम्ही काय केलं, लाइन मुळात किती वेळा उघडते तेच मोजलं. तेव्हा दिसलं की एकाच पेशंटचं रक्त सकाळी सहाला सीबीसीसाठी, नऊला राउंडनंतर इलेक्ट्रोलाइटसाठी आणि अकराला अजून कुठल्यातरी लेव्हलसाठी जातंय, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या ऑर्डर, तीनदा लाइन उघडली. रेसिडेंट डॉक्टर आमच्याबरोबर बसले, आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीच्या तपासण्या ठरवायच्या आणि शक्य तितकं एकदाच काढायचं असं ठरलं. जे औषध तोंडाने देता येतं ते तोंडाने. आणि राउंडला रोज एक प्रश्न विचारायचा, ही लाइन आज लागतेय का? ज्याला लागत नाही त्याची काढा. हा प्रश्न मी विचारला की काही सरांना अजून आवडत नाही, असो.

अमेरिकेतल्या मिशिगनचं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या कॉन्फरन्समध्ये ऐकलंच असेल. तिथल्या शंभरावर आयसीयूंनी लाइन टाकताना पाच साध्या गोष्टी पाळायचं ठरवलं, हात धुणं, पूर्ण ड्रेप-गाउन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणं, जांघेत लाइन शक्यतो न टाकणं आणि नको असलेली लाइन काढणं. डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट आणि टीमने २००६ मध्ये ते छापलं, १००० कॅथेटर दिवसांमागे (एका पेशंटची लाइन एक दिवस राहिली की एक कॅथेटर दिवस) लाइनच्या इन्फेक्शनचा मीडियन, म्हणजे मधला रेट २.७ होता तो तीन महिन्यांत शून्यावर आला आणि दीड वर्षानंतरही टिकला. यावरून आपल्याकडे लोकांनी काय उचललं? चेकलिस्ट. छापली, टिकमार्क केले, झालं. पण तिथे डॉक्टरने एखादी स्टेप चुकवली तर नर्सने थांबवायचं असं ठरलेलं होतं आणि तिच्या पाठीशी मॅनेजमेंट उभं होतं, लाइनचं सगळं सामान एका ट्रॉलीत आणून ठेवलं होतं, आणि क्लोरहेक्सिडीनच मिळत नाही अशा अडचणी सोडवायला वरच्या खुर्चीतली माणसं कामाला लागली होती. चेकलिस्टच्या कागदाला हे सगळं दिसत नाही. माझा प्रश्न सोपा आहे, आज मी एखाद्या सीनियर सरांना 'सर, ग्लव्ह बेडला लागला, बदला' असं म्हटलं तर संध्याकाळी मला कोणाचा फोन येईल, तुमचा शाबासकीचा की मेट्रन मॅडमचा?

आता मावशींबद्दल. टायटलमध्ये त्यांचं नाव उगाच घातलेलं नाही.

आमच्या औषध तयार करायच्या ओट्याला लागूनच हात धुवायचं सिंक होतं. वर्षानुवर्षं आम्ही तिथेच सिरिंज भरायचो. एका हडलमध्ये, म्हणजे शिफ्ट बदलताना आम्ही दहा मिनिटं उभ्याउभ्या बोलतो त्याला हडल म्हणतो, हाउसकीपिंगच्या मावशी मागे उभ्या होत्या. आम्ही एका जंतूबद्दल बोलत होतो, दोन पेशंटच्या कल्चरमध्ये स्युडोमोनास आला होता. मावशी हळूच म्हणाल्या, "सिस्टर, तो सिंकच्या बाजूचा ट्रे मी रोज पुसते, दर वेळी ओला असतो. पाणी कुठून येतं त्यावर?" सगळे गप्प. नळ सोडला तर धार थेट जाळीवर पडत होती आणि तिथून बारीक तुषार उडून ट्रेवर. स्युडोमोनासला ड्रेनचा पाइप म्हणजे माहेरघर. कॅनडातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत अशाच सिंकमुळे मोठा उद्रेक झाला होता, तिथे ड्रेनमध्ये चमकणारा रंग टाकून बघितलं तेव्हा शिंतोडे निदान एक मीटरपर्यंत उडताना दिसले. आमचा ट्रे वीतभर अंतरावर होता. आमच्या त्या दोन पेशंटचा जंतू तिथूनच आला का हे मी छातीठोक सांगणार नाही, तसं सिद्ध झालेलं नाही, पण इंजिनिअरिंगच्या दादांनी मध्ये आडवी शीट बसवली, धार जाळीवर पडणार नाही असा नळ लावला आणि औषधाची जागा पलीकडच्या भिंतीला गेली.

अकरा वर्षांत एकाही ऑडिटमध्ये हे आलं नव्हतं. कारण ऑडिटवाले ट्रे बघायचे तेव्हा तो नुकताच पुसलेला असायचा, आणि जी रोज पुसत होती तिला कोणी विचारलं नव्हतं.

तसेच ते इंजिनिअरिंगचे दादा. ट्रान्सप्लांटच्या खोल्यांना हेपा, म्हणजे हवेतले बारीक कण अडवणारा फिल्टर आहे, हवेचं प्रेशर बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचं असतं, म्हणजे बाहेरची हवा आत घुसत नाही. पण जेवणाची ट्रॉली आली की दार अर्धा तास उघडं, मग कसलं प्रेशर? दादांनी आम्हाला शिकवलं, दाराच्या खालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरायची, ती बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे. आत ओढली गेली तर फोन करा. एवढंच. आता प्रत्येक शिफ्टला कोणीतरी धरतं. आणि वरच्या मजल्यावर फोडाफोडी सुरू होणार असेल तर आम्हाला आधी कळायला हवं, धूळ उडाली की त्यातून ॲस्परजिलस बुरशी येते आणि न्यूट्रोफिल नसलेल्या फुप्फुसात ती रुजली तर काय होतं ते मी बघितलंय, लिहिणार नाही. रिनोव्हेशनचं सर्क्युलर अकाउंट्सला जातं, सिक्युरिटीला जातं, आमच्या वॉर्डाला येत नाही. आम्हाला कळतं ड्रिलचा आवाज आला की.

पेशंटलाही विचारा, ही पुढची गोष्ट. क्लोरहेक्सिडीनने रोज अंग पुसल्याने फरक पडतो हे नीट अभ्यासातून आलेलं आहे, २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात आयसीयू आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिट मिळून साडेसात हजारांवर पेशंट होते, हॉस्पिटलमध्ये होणारी रक्तातली इन्फेक्शन २८ टक्क्यांनी कमी झाली. आमच्याकडे वाइप्स आले, पोस्टर लागलं, आणि चार्टमध्ये रोज शिक्का, 'पेशंटने नकार दिला', 'पेशंटने नकार दिला'. सगळे म्हणाले पेशंट ऐकत नाहीत. एका ज्युनिअर सिस्टरने फक्त एक काम केलं, नकार देणाऱ्यांना विचारलं का नको. उत्तर काय, आम्ही पहाटे पाचला पुसायला जायचो, कारण नाइट ड्युटीला तेव्हा वेळ असतो. रात्रभर प्लेटलेट चढल्यात, तोंडात फोड आहेत, आत्ता कुठे डोळा लागलाय आणि गार ओली वाइप पाठीला! मीही नकारच दिला असता. वेळ दुपारी केली, वाइप्स थोड्या कोमट केल्या, पुसल्यावर पाण्याने धुवायचं नाही आणि अंग चिकट लागलं तरी वाळू द्यायचं हे आधीच समजावून सांगितलं. नकार एकदम कमी झाले. यात कुठलं मशीन आलं, कुठला कन्सल्टंट आला?

नातेवाइकांचंही तेच. घरी गेलेल्या पेशंटला ताप आला की घरचे आधी पॅरासिटामॉल देतात, प्रेमानेच देतात, ताप उतरतो, सगळे निर्धास्त होतात, आणि आत जंतू वाढतच असतात. मग दुसऱ्या दिवशी आणतात तर कॅज्युअल्टीत नंबर लावून बसवतात, खोकणाऱ्या लोकांच्या मधोमध. आम्ही डिस्चार्जला एक कार्ड देतो, 'माझी किमो चालू आहे, काउंट कमी असू शकतात, ताप आहे, मला रांगेत थांबवू नका, वॉर्डाला फोन करा'. पण कॅज्युअल्टीच्या स्टाफला हे कार्ड काय ते कोणी सांगितलंच नव्हतं, पहिल्या आठवड्यात एकाने ते व्हिजिटर पास समजून जमा करून घेतलं. हसू नका, असंच असतं, कार्ड आम्ही बनवलं, त्यांना न विचारता. तीच फट.

आता तुमच्या आवडीचा विषय, आकडे. मोजा, जरूर मोजा, पण कसं मोजताय ते बघा. समजा वॉर्डात रोज सरासरी १२ पेशंटना लाइन आहे, तर ३० दिवसांच्या महिन्यात ३६० लाइन दिवस. एक इन्फेक्शन झालं तर १००० मागे रेट २.८, दोन झाली तर ५.६. म्हणजे एका पेशंटने तुमचा ग्राफ डबल, लगेच मीटिंग, लगेच आरडाओरडा, आणि पुढच्या महिन्यात आपोआप खाली आला की केक. दोन्ही निरर्थक. लहान वॉर्डाला रेटपेक्षा 'शेवटच्या इन्फेक्शनला किती दिवस झाले' हे मोजणं जास्त उपयोगी, आणि त्याबरोबर रोजच्या कामाचे आकडे, किती जणांना तासाच्या आत डोस मिळाला, किती ड्रेसिंग ओली किंवा सुटलेली सापडली.

आणि सगळीच इन्फेक्शन लाइनमुळे नसतात हे कृपा करून समजून घ्या. किमोने तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटून निघतं आणि आतड्यातलेच जंतू रक्तात उतरतात, तिथे माझं हब कितीही स्वच्छ असलं तरी काय करणार. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१३ पासून अशा इन्फेक्शनचा वेगळा गट केलाय. त्यामुळे 'टार्गेट झिरो'ची पोस्टर आमच्या वॉर्डात लावली की मला वैतागच येतो. शून्य हे टार्गेट झालं की काय होतं माहितीये का? कल्चर पाठवणं कमी होतं. पाठवलंच नाही तर पॉझिटिव्ह येणारच नाही. मी हे होताना बघितलंय, कोणी तसं तोंडाने सांगत नाही, नुसतं 'बघू, सकाळपर्यंत थांबू' एवढंच म्हणतात. म्हणून इन्फेक्शनच्या आकड्याशेजारी किती कल्चर गेली तो आकडाही लावा, एक खाली आणि दुसराही खाली असेल तर तो आनंदाचा ग्राफ नाही.

तर मागणं काय. क्वालिटीची मीटिंग महिन्यातून एकदा एसी कॉन्फरन्स रूममध्ये होते, तिथे लाइनला हात लावणारं एकही माणूस नसतं. ती आठवड्याला पंधरा मिनिटं वॉर्डात घ्या, दुपारी हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे दोन शिफ्ट मिळतील. नर्स, रेसिडेंट, फार्मसी, लॅब, हाउसकीपिंग, इंजिनिअरिंग, कॅज्युअल्टीचं एक माणूस, आणि एखादा बरा झालेला पेशंट किंवा त्याच्या घरचं कोणी, हे सगळे हवेत. मावशींची ड्युटी कॉन्ट्रॅक्टरकडे असते, त्या पंधरा मिनिटांचे पैसे कापले जाणार नाहीत असं लेखी द्या, नाहीतर त्या येणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. पहिलं वर्ष इन्फेक्शनबद्दल एकही मेमो काढू नका, जो मुद्दाम करतो त्याची गोष्ट वेगळी, पण बाकी कोणाला नाही. मेमो सुरू झाल्यापासून आमच्याकडे चुका कमी झाल्या नव्हत्या, फक्त सांगणं बंद झालं होतं. सर्दी-तापाची सुट्टी मागणाऱ्या स्टाफला 'आज माणसं कमी आहेत, मास्क लावून ये' असं म्हणणं थांबवा, एक फ्लू झालेली सिस्टर ट्रान्सप्लांट वॉर्डात काय करू शकते याचा विचार करा. आणि ती ४० मिनिटं स्टाफिंगमध्ये धरा. यातलं शेवटचं सोडलं तर कशालाही फारसा पैसा लागत नाही, आणि शेवटच्याला लागतो तो एका आयसीयू बेडच्या नऊ दिवसांशी एकदा ताडून बघा.

तुमच्यापैकी कोणी एकाने जरी एका रात्री आमच्या वॉर्डात स्टूल टाकून बसायचं ठरवलं तर आधी कळवा, मी माझी नाइट लावून घेईन.

आपली विश्वासू,
एक स्टाफ नर्स, हिमॅटॉलॉजी वॉर्ड

ता. क. – बॉक्सबद्दल एक सांगायचं राहिलं, कोणी करायला घेतलाच तर उपयोगी पडेल. पहिल्या वेळी आम्ही तो तपासायचं काम 'सगळ्यांनी मिळून' करायचं ठरवलं होतं. सील फुटलेलं नव्हतं म्हणून कोणी उघडलाच नाही, आणि ज्या रात्री लागला तेव्हा आतल्या कल्चर बॉटल एक्सपायर होऊन अकरा दिवस झालेले. आता आतल्या प्रत्येक वस्तूची एक्सपायरी झाकणावर बाहेरून लिहिलेली असते, आणि दर रविवारी नाइटच्या इन्चार्ज सिस्टर ती वाचून सही करतात, एकट्या.